उतरंडीचं गणित

"शिसं कशाला भरतेस तिच्या पोटात?" आईनं विचारलं. "उलटू दे की मेलीला! सगळ्यांदेखत उलटू दे."

लेकीनं शिशाची चौथी पट्टी युद्धनौकेच्या तळाशी चिकटवली आणि वर फळी बसवली. तोफांचे मनोरे तिनं आतून पोकळ कोरले होते. वर जेवढं वजन कमी केलं, तेवढंच खाली घातलं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

मॉडेल दीड हाताचं होतं. खरी नौका खूप मोठी होती, आणि तिच्यावर मनोरे एकावर एक असे तीन रचलेले होते. खलाशी तिला 'उतरंड' म्हणत. तशी नौका त्याआधी कोणी बांधली नव्हती आणि त्यानंतर कोणाची छातीही झाली नाही. वरच्यांना तीन मनोरे हवे होते, आराखडा काढणाऱ्या साहेबांनी तीन काढून दिले. पहिल्याच सफरीत, पहिल्याच मोठ्या वळणावर, उतरंड आडवी झाली. एकसष्ट माणसं गेली.

चौकशीत साहेब म्हणाले, आराखडा निर्दोष आहे, सुकाण्यानं सुकाणू वेड्यासारखं फिरवलं. सुकाण्या म्हणजे हिचे वडील. ते पोहून वाचले, ही त्यांची दुसरी चूक. पुढं सत्तावीस वर्षं लोक त्यांना 'बुडव्या' म्हणत. ते बसमध्ये दाराशी उभे राहिले, की मागून कोणीतरी ओरडायचंच, "सांभाळा रे, बुडव्या एका बाजूला उभाय!" वडीलही हसायचे. घरी आल्यावर जेवायचे नाहीत.

गेल्या वर्षी ते वारले, आणि यंदा नौदलाच्या संग्रहालयानं उतरंडीचं मॉडेल करायला घेतलं. काम हिच्याकडे आलं, कारण असली कामं करणारं दुसरं कोणी नव्हतं. मॉडेलशेजारी पितळी पाटी लागणार होती. तिच्यावरचा मजकूर साहेबांनीच लिहून दिला होता: 'सुकाण्याच्या चुकीमुळे बुडाली.' मॉडेल पाण्यात सोडायचा समारंभ झाला की पाटी कोरायला जाणार होती.

साहेब आता चौऱ्याऐंशीचे. सहा महिने ते भिंग घेऊन मॉडेल तपासत होते. डोलकाठी केसभर जाड झाली म्हणून त्यांनी चार वेळा परत पाठवली. दुसऱ्याची चूक दिसली, की त्यांना गप्प बसवत नसे. हिनं चारही वेळा मुकाट्यानं डोलकाठी नवी केली आणि म्हाताऱ्याकडे नीट बघून घेतलं.

"उलटली, तर काय म्हणतील, आई?" ती म्हणाली. "बापानं नौका उलटवली, पोरीनं खेळणं."

"आणि नाही उलटली, तर सुकाण्याच चुकला म्हणतील! तू लेक कोणाची गं, त्याची की साहेबाची?"

आई दोन दिवस मॉडेलकडे फिरकली नाही. समारंभाला मात्र आली, आणि मुद्दाम मागच्या रांगेत बसली.

दालनाच्या मधोमध पाण्याचा हौद होता. लेकीनं रिमोट हातात घेतला. उतरंड सरळ गेली. मग तिनं सुकाणू पूर्ण फिरवलं. नौका कलली, थरथरली, आणि पुन्हा ताठ उभी राहिली.

टाळ्या पडल्या. "बघा!" संग्रहालयाचे संचालक म्हणाले. "एवढं सुकाणू फिरवूनही उभी! साहेबांचा आराखडा निर्दोषच होता." मागच्या रांगेत आईनं मान खाली घातली.

साहेब टाळ्या वाजवत नव्हते. काठी टेकत ते हौदाशी आले.

"पुन्हा फिरव."

तिनं फिरवलं. नौका उभीच.

"मॉडेल चुकलंय," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. मी स्वतः गणित करून पाहिलंय. तिन्ही मनोरे धरले, तरी ही उलटत नाही."

"तू? गणित?" साहेब हसले. पुढच्या रांगेतले दोन अधिकारीही हसले. "अगं, मनोरे दोनच असते तर गोष्ट वेगळी. तिसरा चढवल्यावर या वळणाला ती आडवी झालीच पाहिजे! हे गणित मी केलंय. तीनदा तपासलंय."

पुढच्या रांगेतलं हसू थांबलं. संचालकांनी हात उगाच खिशात घातले. मागे कोणाची तरी खुर्ची सरकली. आई उभी राहिली होती.

"कधी केलंत, साहेब?" लेकीनं विचारलं. आवाज अगदी शिकायला आलेल्या मुलीसारखा. "नौका बुडाल्यावर?"

"बुडाल्यावर कोणीही करेल," साहेब फणकारले. "मी बांधायच्या आधी केलं होतं."