तळाचे तांदूळ

“आज तांदूळ तळातून काढ,” कोबी चिरता चिरता सासू म्हणाली. मायलीननं खांद्यापर्यंत हात रांजणात घातला आणि बोटांना प्लास्टिकची पिशवी लागली. तिनं ती वर ओढली. पिशवीत तिचा पासपोर्ट होता. लग्न करून मनिलाहून कोरियात आणलं, तेव्हाच नवऱ्यानं तो विमानतळावर काढून घेतला होता. मागितला की हात उगारायचा. म्हातारी आपल्याला अडकवायला बघत असेल तर? तिनं पिशवी पुन्हा तांदळात दडपली, तसं सासूनं तिचं मनगट धरलं. “वेडे, कपड्यांत लपव. त्याच्या कपाटातून मीच काढला. उद्या बाजाराला एकटी जा, परतू नकोस.” अंगणात नवऱ्याचा ट्रॅक्टर थांबला. सासू कानाशी लागली. “पहिलीचा पासपोर्ट त्यानं चुलीत घातला.” “पहिली कोण?” मायलीननं विचारलं. दारात बूट वाजले. त्याला ऐकू जाईल अशी सासू खेकसली, “भाताचं पाणी बोटानं काय मोजतेस? माप कशाला दिलंय?”