निळी सर, पिवळी सर

गावप्रमुखांच्या अंगणात, आंब्याखालच्या बाकावर दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, आणि निळ्या मण्यांची सर बांधलेली बाटली सगळ्यांच्या देखत तपकिरी होत चालली होती.

पिवळ्या सरीच्या बाटलीत मात्र दुधासारखा पांढरा साका संथपणे तळाशी उतरत होता.

माकूमावशी पुढे सरकून बाटलीत निरखू लागल्या. निळी सर म्हणजे ओढ्याच्या वरच्या अंगाचं पाणी. तिथल्या खडकावर त्या तीस वर्षं काचेचे मणी घासत आल्या होत्या. पिवळी सर म्हणजे लावेरच्या पामतेल गाळायच्या घाणीच्या खालच्या अंगाचं पाणी. तिथून गेल्या महिन्यात मासे पोट वर करून वाहत आले होते. बाटल्यांत भरताना दोन्ही पाणी सारखंच नितळ दिसलं होतं; रंग फुटले ते तपासनीसांनी दोन्हींत सारख्याच औषधाचे थेंब सोडल्यावर. सरकारी चिठ्ठ्या दमट हवेत चिकटेनात, म्हणून ओळखीसाठी या दोन सरी मावशींनीच गळ्यातून काढून दिल्या होत्या.

तक्रारही त्यांचीच होती. घाणी दोषी ठरली, तर तिचा सांडपाण्याचा नळ बंद. निर्दोष ठरली, तर मावशींनी भर गावसभेत लावेरची माफी मागायची आणि वर एक मेंढा द्यायचा.

"मावशी," लावेर बाटलीकडे बोट दाखवत म्हणाला, "तुमच्या पाण्याचा तर कोको झाला. साखर मागवू?"

अंगण खदखदून हसलं.

"हस बाबा," मावशी म्हणाल्या. "तुझ्या घाणीखालचे मासेही असेच तोंड उघडून गेले."

जिल्ह्याहून आलेले तपासनीस आन्सासाहेब हसले नाहीत. शब्द वापरला की झिजतो, अशा समजुतीनं जगणारा तो माणूस होता. "साका बसू दे," ते म्हणाले. "निकाल जेवणानंतर. आधी कोणती बाटली कुठली, यावर सह्या. मग अर्थ."

"निदान एखादी खूण तरी सांगा, साहेब," गावप्रमुख म्हणाले.

"खूण कळली, आबा, की साक्षीदाराला पाणी आठवत नाही. खूणच आठवते."

सकाळी शाळेत मात्र ते बरंच बोलले होते. मावशींनी खिडकीतून ऐकलं होतं. हवेच्या शंभर भागांतले अठ्ठ्याहत्तर नत्राचे, एकवीस प्राणवायूचे, उरलेल्या एकात बाकी सगळे दाटीवाटीनं. ओलसर कोयत्यावर गंजाचा तपकिरी थर चढतो, तो त्या एकविसांच्या करणीनं. वाहता ओढा दगडांवर आपटत त्यांतलाच थोडा प्राणवायू पितो आणि माशांना पाजतो. पुढे ओढ्यावर बाटल्या त्यांनी काठोकाठ भरल्या, बुडबुडाही राहू दिला नाही. "हवा आत शिरली, तर मेलेलं पाणीसुद्धा जिवंत असल्याची साक्ष देईल," असं काहीसं ते पुटपुटले होते.

मंडळी घरात कसाव्याचे कांडलेले गोळे, फुफू, आणि भुईमुगाच्या कालवणावर बसली. कालवणातला मासा बाजारचा होता. ओढ्यातला आता मिळत नव्हता. मावशींनी ताट बाजूला सारलं. तीस वर्षं ज्या पाण्यानं त्यांच्या मण्यांना चमक दिली, ते असं गढूळ निघेल? शक्यच नव्हतं. साहेबांनीच सरी उलट्या बांधल्या असणार. शहरातला माणूस; मण्यांचं त्याला काय कळणार!

हात धुण्याच्या निमित्तानं त्या उठल्या. अंगणात एक कोंबडी तेवढी होती. तीस वर्षं गाठी मारणाऱ्या बोटांनी बुचाला धक्काही न लावता दोन्ही सरी सोडल्या आणि मावशींच्या मते जिथे हव्या होत्या, तिथे बांधल्या.

जेवून परतलेला लावेर बाकापाशी थबकला. तपकिरी बाटलीच्या गळ्यात पिवळे मणी होते.

"हे काय? माझी पांढरी होती!"

"पिवळी सर पहिल्यापासून तपकिरीलाच आहे," मावशी म्हणाल्या. "तेलाच्या धुरानं डोळे गेले वाटतं तुझे."

"माझे डोळे शाबूत आहेत! आबा, तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहत होतो की," आबा म्हणाले. मघाशी त्यांना डुलकी लागली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

लावेर ओणवा झाला आणि त्यानं तळहात मातीवर टेकवला. "ओढ्याची शपथ! पांढरी बाटली माझ्या घाणीखालची. खोटं बोलत असेन, तर माझी घाणी बंद पडो!"

अंगणात कुजबुज पसरली. ओढ्याची शपथ कुणी फुकाची घेत नसे. "हो हो, पिवळी पांढरीलाच होती," एकानं म्हटलं, मग दहांनी.

"थोरामोठ्यांना खोटं पाडता?" मावशी अजूनही ताठ होत्या, पण मनात त्यांनी मेंढा निवडायला घेतला होता. लंगडा चालेल का?

आन्सासाहेबांनी वही पुढे सरकवली. लावेरनं स्वतःच्या हातानं सरी पूर्ववत केल्या, वळणदार सही ठोकली आणि आबांचा अंगठाही धरून उमटवला. "आता वाचा, साहेब. मोठ्यानं वाचा. मावशींना ऐकू जाऊ दे."

साहेबांनी चष्मा चढवला. "निळी सर, ओढ्याचं वरचं अंग. साका तपकिरी, म्हणजे प्राणवायू भरपूर. पाणी जिवंत." त्यांनी पान उलटलं. "पिवळी सर, घाणीखालचं अंग, खुद्द मालकाच्या शपथेवर. साका पांढरा, प्राणवायू शून्य. पाणी मेलेलं. नळ आजपासून बंद."

"मावशी!" लावेरचा आवाज चिरकला. "अहो, मघाशी तुम्हीच म्हणत होतात ना, पिवळी सर पहिल्यापासून तपकिरीलाच होती म्हणून? तुमच्या शब्दाला गावात मान आहे. सांगा ना साहेबांना! मावशी?"

माकूमावशींनी दोन्ही सरी बाटल्यांवरून सोडल्या, गळ्यात घातल्या आणि त्या ओढ्याच्या वाटेनं चालू लागल्या.