दहा गुणांचं जेवण

एकोणऐंशी साल. परभणीच्या कॉलेजात समाजशास्त्राच्या ऐच्छिक पेपरासाठी सरांनी काम दिलं होतं. दुसऱ्या समाजाच्या घरी एक वेळ जेवायचं आणि जे पाहिलं ते लिहून आणायचं. त्याला दहा गुण होते. सगळ्यांत चांगलं लिखाण सर वर्गात वाचून दाखवणार होते.

मी देशमुखांच्या घरचा. बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या उत्तम खिल्लारेबरोबर एसटीनं पाथरीकडच्या त्याच्या गावी, बौद्धवाड्यात गेलो. त्याच्या आईनं, कडूबाईनं, गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. मी पोटभर जेवलो, वर तांब्याभर पाणीही प्यालो आणि स्वतःवरच खूश होऊन तिथंच वही उघडली. 'भिंती धुरानं काळ्या, पण पत्रे नवे कोरे. परिस्थिती सुधारत आहे.'

"काय लिहायलाव, बापू?" कडूबाईनं विचारलं.

"तुमच्या घरी जेवलो ते, मावशी. सर वर्गात वाचून दाखवतील."

तिचा हात भाकरीच्या टोपल्यावरच थांबला. "उत्तम, आपल्या गावच्या पाटलाचं पोरगं बी तुमच्याच वर्गात हाय न्हवं?"

उत्तमनं खाली बघूनच होकारार्थी मान हलवली.

"मग ते पान फाडा, बापू," कडूबाई हळूच म्हणाली. तिनं वर पत्र्यांकडं बघितलं.

"गेल्या साली नामांतराच्या दंग्यात आमचं घर जाळलं, तवा तर आमच्यात कुनी जेवलं बी नव्हतं."