उपकारांची फेरी

नत्थूची गाय व्याली होती, त्यामुळे या आठवड्यात त्याला उपकार शोधत बसावे लागले नाही. "कालवड झाली, देवाची स्तुती असो," असे घाईघाईने म्हणून तो मोकळा झाला. प्रेमदास मास्तराने "आमेन" म्हटले, त्याच्यामागून बाकीचे म्हणाले आणि फेरी शेजारच्या माणसाकडे सरकली.

वडनेरातली ख्रिस्ती घरे बोटांवर मोजण्याइतकी. दर रविवारी दुपारी ती एकेकाकडे जमत. जमलेल्या प्रत्येकाने आठवड्यात देवाने केलेला एक तरी उपकार तोंडाने सांगायचा, असा नेम होता. मागच्या रविवारचा शिळा उपकार चालत नसे. ताप उतरला, विहिरीला पाणी टिकले, सासू चार दिवस लेकीकडे गेली, काहीही चाले. पण सांगितल्याशिवाय कोणी उठायचे नाही. हा नेम प्रेमदासनेच घालून दिलेला. "दुःखातबी देवाचा हात शोधला का सापडतेच," असे तो सांगे, आणि लोकांना ते पटे, कारण सांगताना त्याच्या डोळ्यांत खरेच पाणी येई.

आज सभा त्याच्याच घरी होती. त्याची बायको सुलोचना भिंतीला टेकून बसली होती. त्यांचा एकुलता एक पोरगा शमुवेल तापाने गेला, त्याला महिना होत आला होता. तेव्हापासून ती सभेला जात नव्हती. आज सभाच घरात आली, ती जाणार कुठे?

पोरगा गेला तेव्हा प्रेमदास देवळीला होता, सुगीच्या आभारसभेत उपदेश करत. निघताना त्याने पोराच्या कपाळाला हात लावून पाहिला होता. चटका बसला होता. तरी तो म्हणाला, "देवाच्या कामाले जाऊन राह्यलो. पोराले देव पाहीन." स्वराज्य येऊन सात-आठ वर्षे झाली होती, पण डॉक्टर गाठायचा तर अजून बैलगाडीने हिंगणघाट, आणि घरची गाडी तो घेऊन गेलेला. परत आला तेव्हा माती देऊनसुद्धा झाली होती. शेवटी काय झाले हे त्याने विचारले नाही, तिने सांगितले नाही. एका चुलीवरचे दोघे जेवत, तेवढाच काय तो संसार उरला होता.

डोळे गेलेली मीरामावशी सुलोचनाच्या शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "ऊन अंगाले लागते, तेवढं समजते मले. देवाची स्तुती असो." आमेन झाले. मग पाळी सुलोचनाची आली. ती खाली मान घालून बसली होती.

प्रेमदासने तिच्याकडे पाहिले. तिला वगळावे तर आपणच घातलेला नेम मोडतो. थांबावे तर ती काय बोलेल कोण जाणे. त्याला दया आली. तिची की स्वतःची, हे त्याचे त्यालाच कळले नाही. घसा खाकरून तो म्हणाला, "तिच्या वतीनं मी सांगतो. आमच्या समूले देवानं दुखण्यातून सोडवलं, आपल्याजवळ घेतलं. त्याची स्तुती..."

"मी मुकी नाई," सुलोचना म्हणाली.

नत्थू एकदम जमिनीकडे पाहू लागला.

"माझा उपकार मले सांगता येते," ती म्हणाली. आवाज रडवेला नव्हता. तांदूळ निवडता निवडता बोलावे तसे ती बोलत होती. "त्या दिवशी दिवस कलल्यापासून समू एकच विचारत होता, बाबा कुठी हायेत. मी म्हणली, येऊन राह्यले, वेशीपाशी आले. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी म्हणली, आलेच, बैल सोडून राह्यले. मंग त्यानं दाराकडं तोंड केलं. हसला. अन् तसाच गेला."

कोणीतरी हुंदका दाबला. सुलोचनाने तिकडे पाहिले नाही.

"लेकरानं माझी लबाडी खरी मानली," ती म्हणाली. "जीव जाईपर्यंत मानली. त्याच्यासाठी देवाची स्तुती असो."

आता आमेन म्हणायचे ते मास्तराने. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्याचे ओठ हलले, पण आवाज काही फुटला नाही. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या दुःखात देवाचा हात दाखवणारा तो माणूस, आपलेच दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता.

मीरामावशीला यातले काही दिसत नव्हते. फार वेळ कोणीच बोलत नाही, हे ध्यानात आल्यावर तिनेच "आमेन" म्हटले. बाकीच्यांनी कसेबसे म्हटले. फेरी अजून संपली नाही, एवढे मात्र म्हातारीला पक्के ठाऊक होते. तिने मान वर केली.

"आता कोन राह्यलं?"

सुलोचनाने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"समूचे बाबा राह्यले, मावशी," ती म्हणाली.