राईतली घाणेरी

घाणेरीचं झुडूप मुळासकट उपटून बाबीने ढिगावर फेकलं आणि कपाळाला हात लावला. गेल्या वर्षीच्या ढिगाला पुन्हा मुळं फुटली होती. या घाणेरीपायी देवीच्या राईत एकही नवं रोप तगत नव्हतं, आणि गुरवकाकांचं एकच पालुपद, "राईतली काडीसुद्धा बाहेर जायची नाही."

"मग दरवर्षी उपटायची आणि इथेच पुन्हा रुजवायची? माझी कंबर गेली, काका. देवीलाच विचारा."

वैतागून का होईना, काकांनी कौल लावला. देवीच्या मूर्तीला उजवीकडे एक, डावीकडे एक अशी फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार. बाबी श्वास रोखून बसला.

उजवं पडलं.

तीन वर्षांत पहिल्यांदाच तो हसला. गावाबाहेर नेऊन जाळायला म्हणून त्याने भलीमोठी मोळी बांधली, डोक्यावर घेतली आणि राईबाहेर पाऊल टाकलं.

वाटेवर अर्धा गाव हात जोडून उभा होता. पोलीसपाटलाची आई पुढे झाली. "आजवर राईतलं पानही कुणाला मिळालं नाही रे, बाबी. देवीने आपणहून धाडलंय. एकेक फांदी दे सगळ्यांना, दारात लावू."