भावकीतली गाडी

नांदेड सोडल्यापासून किशनरावांचं तोंड बंद नव्हतं. नव्या गाडीला अजून शोरूमचा हार होता आणि तिचं वेगळेपण सिंधूबाईंना पुन्हा पुन्हा ऐकावं लागत होतं.

"त्याच्या गाडीचं नाक बसकं हाय. हिचं बघ कसं ताठ हाय. दिवे वेगळे, मागचा बिल्ला वेगळा. कंपनीच वेगळी म्हनल्यावर!"

'त्याच्या' म्हणजे धाकट्या भावाच्या, बजरंगच्या. बांधावरून दोघांचं फाटलं होतं, बोलणं बंद होतं. पाडव्याला बजरंगनं गाडी घेतली आणि किशनरावांच्या जिवाची तगमग सुरू झाली. आपणही घ्यायची, पण त्याच्यासारखी नको, हा एकच हट्ट.

"पन शोरूमवाला तर म्हनला," सिंधूबाई सहज बोलून गेल्या, "दोन्हीचा सांगाडा एकच, इंजिन बी तेच. दोन कंपन्यांनी वरून तोंड तेवढं बदललं."

"त्याला काय कळतंय!"

"भावकीतलीच हाय म्हना की मग."

किशनरावांनी उगाच गिअर बदलला. अर्धापूर जवळ आलं, केळीच्या बागा दिसू लागल्या, तरी ते समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचं नाक निरखत होते.

घरी आईला काही सांगितलेलं नव्हतं. पार्वतीबाईंची नजर पार मंदावलेली. तिला हाताला धरून आणायचं, गाडीवरून हात फिरवायला लावायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. दारात गाडी उभी करून त्यांनी ऐटीत हॉर्न वाजवला.

ओट्यावर बसलेली आई धडपडत उठली. पदर सारखा केला, पायानं पायरी चाचपली आणि घरातल्या नातीला हाक मारली.

"आरती, चहा टाक गं! तुझा काका आलाय. रोज वळनावर वाजवितो अन् तसाच निघून जातो. आज थांबला बघ."

किशनरावांचा हात हॉर्नवरच राहिला. रोज? त्यांनी बायकोकडं पाहिलं. सिंधूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

ते खाली उतरले.

"आई, मी हाय. किशन. आपुन नवी गाडी घेतली."

पार्वतीबाई जागच्या जागी थांबल्या. चेहरा उतरला, तो त्यांना लपवता आला नाही. मग हात पुढं करत त्या गाडीपाशी आल्या आणि तापलेल्या पत्र्यावर तळवा टेकवून उभ्या राहिल्या.

"आवाज तोच हाय की रे," त्या म्हणाल्या. "बजरंगसारखीच घेतलीस व्हय? लई बरं केलंस."