बाद निडल

पेट्रोल अजून थेंब थेंब गळतच होतं. धाकू मेकॅनिक "आलोच काका" म्हणून मोबाइल कानाला लावून जो बाहेर गेला, तो तिकडचाच झाला. त्याला गळती दिसावी म्हणून सखारामांनी मोटारसायकलच्या टाकीचा कॉक मुद्दाम उघडा ठेवला होता. गॅरेजच्या कोब्यावर हातभर डाग पसरला आणि त्यांचं डोकं तापायला लागलं. तीन महिन्यांत ही चौथी खेप. दर वेळी धाकू कार्बोरेटर साफ करून देणार, आणि आठ दिवसांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

रस्त्यापलीकडे एसटीच्या निवाऱ्यात त्यांची बायको दमयंती बसली होती. मांडीवर नारळ आणि दूर्वांची पिशवी. ब्याण्णव साली ही मोटारसायकल घेतली तेव्हापासून संकष्टीला नवऱ्याच्या मागे बसून हेदवीच्या गणपतीला जायचं, हा तिचा नेम. पण हल्ली गाडीवर म्हणे तिची कंबर भरते. तीन संकष्ट्या झाल्या, ती एसटीनं जाते.

शेवटी सखाराम उठले आणि त्यांनीच पाना हातात घेतला. धाकूचं काम त्यांनी आजवर कधी उघडून बघितलं नव्हतं. रत्नागिरीच्या एसटी डेपोत तो त्यांच्याच हाताखाली मेकॅनिकचं काम शिकलेला. ज्याला आपण शिकवलं त्याच्या कामावर संशय घ्यायचा म्हणजे आपल्याच शिकवण्यावर थुंकायचं, असं त्यांचं म्हणणं. आज मात्र त्यांचा धीर सुटला.

कॉक बंद करून त्यांनी कार्बोरेटरची वाटी खोलली. आतली निडल, पेट्रोल अडवणारी ती बोटाच्या पेराएवढी सुई, तळहातावर घेतली. टोक झिजून त्याला कडं पडलं होतं. ही पेट्रोल काय अडवणार, कपाळ! त्यांनी ती उजेडाकडे धरली. एका बारीक खाचेत लाल रंग राहिला होता.

सखाराम स्टुलावर खाली बसले.

काढलेला पार्ट मालकाच्या हातात द्यायचा, म्हणजे फसवल्याचा संशय राहत नाही, ही त्यांचीच शिकवण. धाकू ती पाळायचा. असे बाद पार्ट सखाराम घरी नेत, चुकून कुणी परत बसवू नये म्हणून त्यांना लाल रंग फासत आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवत. ही निडल गेल्या पावसाळ्यातली. डबा अंजनवेलच्या घरी, स्वयंपाकघरातल्या फळीवर, दमयंतीच्या पापडांच्या मागे. तिथून ही काही आपल्या पायांनी चालत आली नव्हती.

मग त्यांनी वाकून गियरचा दांडा बघितला. दांडा बरोबर बसावा म्हणून त्यांनी कधीकाळी दोन खुणा ठोकून ठेवल्या होत्या, एक दांड्यावर, एक तो बसतो त्या शाफ्टवर. त्या खुणा आता समोरासमोर नव्हत्या. दांडा एक दात वर चढवून बसवलेला होता.

तीन महिने दुसरा गियर धड पडत नव्हता. एकदा तर चढणीवर गाडी न्यूट्रलला येऊन मागे घसरली होती, आणि मागून ट्रक. "काका, गियरला काय झालेलं नाय. तुमचा पाय आता उचलत नाय," असं धाकू म्हणाला होता. तेव्हापासून सखाराम रोज सकाळी गुडघ्याला तेल चोळत होते आणि आपल्याच पायाला शिव्या घालत होते. त्या तेलाची आठवण झाली आणि त्यांना रडू यायला लागलं. ते त्यांनी गिळलं.

धाकू परत आला. त्याला काकांच्या हातातली निडल दिसली. त्यानं रस्त्यापलीकडे निवाऱ्याकडे बघितलं.

"काकीनंच आणून दिलीन," तो हळूच म्हणाला. "तुमची सत्तरी उलटली. किती सांगितलं तरी तुमी ऐकत नव्हतात. म्हटलं, गाडीचा कंटाळा आला की आपसूक सोडाल. भल्यासाठीच केलं, काका."

"मेल्या, पडलो असतो तर माझ्या चुकीनं पडलो असतो," सखाराम म्हणाले. "तू मला पाडायला निघालास."

धाकूनं पाना घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिला नाही. गॅरेजच्या फळीवरून नवी निडल काढून स्वतः बसवली. दांडा उतरवला, खुणेला खूण लावून परत ठोकला. कॉक उघडून दहा मिनिटं वाट बघितली. एक थेंब पडला नाही. गॅरेजसमोर एक फेरी मारली, तर दुसरा गियर पहिल्याच झटक्यात पडला. पायाला काहीसुद्धा झालं नव्हतं.

त्यांनी गाडी रस्ता ओलांडून निवाऱ्यापाशी नेली. दमयंती उठून पुढे आली.

"झाली का हो दुरुस्त?"

सखारामांनी तिचा हात धरला आणि निडल तळहातावर ठेवली.

"बाद पार्ट आहे. मालकाच्या हातात द्यायचा असतो."

दमयंतीनं निडलकडे बघितलं आणि मूठ मिटली. मागून हेदवीची एसटी येऊन उभी राहिली. बायका चढल्या. कंडक्टरनं तिला हाक मारली. ती जागची हलली नाही. तिनं पदर कमरेला खोचला, पिशवी खांद्याला अडकवली आणि गाडीच्या मागच्या सीटवर हात ठेवला.

"बसू?"

"नको. तुझी कंबर भरेल," सखाराम म्हणाले आणि त्यांनी गियर टाकला.